तारेखालचं पार्सल: मडगावच्या फलाटापासून वाड्यावरच्या घरापर्यंत

रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या कोकण रेल्वेवर विजेची तार ओढून पूर्ण झाली ती मार्च २०२२ मध्ये. जूनमध्ये लोकार्पण झालं. त्यामुळे भिवंडीच्या गोदामातून निघालेला मिक्सर किंवा चपलांचा जोड मुंबईहून मडगावला रेल्वेच्या डब्यातून आला, तर त्याच्या वाटेचा सर्वांत लांब तुकडा विजेवर होतो. त्यासाठी कुणाला नवा ट्रक घ्यावा लागत नाही की महामार्गावर चार्जर बसवावा लागत नाही. तरीही गोव्यात येणारा ऑनलाइन खरेदीचा माल मोठ्या प्रमाणात बत्तीस फुटी डिझेल कंटेनरमधूनच येतो, आणि घाईचा माल दाबोळीला किंवा मोपाला विमानाच्या पोटातून उतरतो.

मोठ्या कंपन्या विजेवरच्या वाहतुकीकडे हलू लागल्या आहेत. ॲमेझॉननं जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनसाठी दीडशेहून जास्त अवजड इलेक्ट्रिक ट्रक घेत असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच वेळी तिथला माल विजेच्या रेल्वेवर वळवण्याचंही सांगितलं. भारतात हीच कंपनी २०१९ पासून रेल्वेनं पार्सलं पाठवते आणि २०२३ पासून पूर्वेकडच्या समर्पित मालवाहतूक मार्गाचा वापर करते. पण त्या मार्गावर प्रवासी गाड्या नसतात, मालगाडीला पुढं जायला वाट मोकळी असते. आपल्याकडे तसं नाही. रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरच्या आसपासचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला; त्याच्या खाली सगळी एकेरी वाट. समोरून गाडी येईपर्यंत क्रॉसिंगला उभं राहायचं, आणि उभं कुणी राहायचं हे ठरवताना मालाचा नंबर शेवटी लागतो.

म्हणून गोव्यापुरता प्रश्न विजेचा उरलेला नाही. प्रश्न आहे फलाटावरच्या दहा मिनिटांचा आणि फलाटानंतरच्या वीस किलोमीटरचा.

आधी हिशेब

भिवंडी ते मडगाव ढोबळपणे ६०० किलोमीटर धरू. बत्तीस फुटी सिंगल एक्सल कंटेनरमध्ये कुरिअरचा माल वजनानं भरत नाही, जागेनं भरतो. खोक्यांमध्ये अर्धी हवाच असते. तेव्हा ७ टन धरू. लिटरला साडेचार किलोमीटर पडले तर एका खेपेला १३३ लिटर डिझेल लागतं. लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ३५७ किलो. टनामागे ५१ किलो.

आता त्याच आकाराचा इलेक्ट्रिक ट्रक घ्या. चार्जरच्या मीटरवर किलोमीटरला ०.८ युनिट मोजलं, तर ४८० युनिटं होतात. आपल्या ग्रिडमध्ये कोळशाचा वाटा मोठा असल्यामुळे युनिटमागे साधारण ०.७२ किलो धरावे लागतात. उत्तर येतं ३४६ किलो. म्हणजे धुरांड्यापुरतं बघितलं तर डिझेलच्या जवळजवळ बरोबरीला. डिझेल काढण्या-गाळण्यातला कार्बनही मिळवला की इलेक्ट्रिक ट्रक थोडा पुढे जातो, आणि चार्जर सौर विजेवर असेल तर बराच पुढे. गावातला धूर आणि आवाज गेला हा फायदा वेगळा, तो खराच आहे. पण 'ट्रक विजेचा केला, काम झालं' म्हणणाऱ्यानं ही बेरीज एकदा करून पाहावी.

रेल्वेचा पार्सल डबा, ज्याला सगळे व्हीपी म्हणतात, २३ टन माल घेतो. डबा स्वतः ३२ टनांच्या आसपास. हलका माल म्हणून त्यात १५ टनच बसला असं धरू. एकूण ४७ टन. प्रवासी गाडीला जोडलेल्या डब्याला हजार टन-किलोमीटरमागे (एक टन एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर) २० युनिटं धरली, हे जरा सढळच आहे, तरी ६०० किलोमीटरला ५६४ युनिटं होतात. म्हणजे ४०६ किलो, टनामागे २७. ट्रकच्या जेमतेम निम्मं, तेही याच कोळशाच्या विजेवर. कारण चाकात आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना जो अडथळा होतो, तो डांबरावरच्या टायरच्या पाचव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही कमी असतो. शिवाय कोकण रेल्वे बांधताना चढ १५० ला १ (दीडशे मीटरला एक मीटर) पेक्षा तीव्र होऊ दिलेला नाही. ९१ बोगदे आणि रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंच पानवल पूल हे सगळं त्या सपाटीसाठी. कॅसलरॉक ते कुळे या जुन्या ब्रागांझा घाटात चढ ३७ ला १ आहे, तिथं गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. त्याच डब्याची किनाऱ्यानं येणारी वाट किती हलकी पडते, ते यावरून कळावं.

यात एक मेख आहे. गोवा मागवणारं राज्य आहे, पाठवणारं कमी. डबा परत रिकामा गेला तर ३२ टनांचं लोखंड ६०० किलोमीटर ओढण्याची ३८४ युनिटं येतानाच्या मालावर चढतात, आणि २७ चे ४५ होतात. ट्रकचंही तसंच होतं म्हणा, तोही रिकामा परततो. पण ट्रकवाला वाटेत कोल्हापूरला वळून काहीतरी भरून घेतो, डब्याला वळता येत नाही. परतीचा माल शोधायचा तर तो वेर्णा, कुंडई आणि पिळर्णच्या औषध कारखान्यांत आहे. आणि ग्राहकांनी परत केलेल्या वस्तूंची पोती आहेतच, कपड्यांत तर ती भरपूर असतात. हा परतीचा माल आधी पक्का करावा आणि मग डब्याचा करार करावा. उलट क्रमानं जाणारे पहिल्या तिमाहीतच गळाठतात.

एसएलआर की व्हीपी

रेल्वेत पार्सल चढवायच्या दोन जागा. गाडीच्या टोकाला गार्डाच्या डब्यात सामानाचे कप्पे असतात, तो एसएलआर. जुन्या पद्धतीच्या डब्यात ४ टनांचे दोन कप्पे, मिळून ८ टन. हे कप्पे रेल्वे ठेक्यानं देते, आणि बहुतेक कुरिअर कंपन्या ठेकेदाराकडूनच जागा घेतात. दुसरा तो व्हीपी, अख्खा डबा.

एसएलआरचा सगळा खेळ थांब्याचा. ४ टनांचा एक कप्पा २५ किलोच्या पोत्यांनी भरला तर १६० पोती. थांबा दहा मिनिटांचा असेल तर मिनिटाला १६, म्हणजे दर चार सेकंदांना एक पोतं दाराबाहेर पडलं पाहिजे. आत दोन हमाल, दारात एक, खाली तीन, अशी सहा जणांची साखळी लावली तर हे जमतं. चौघांत जमत नाही, चाळीस-पन्नास पोती आत राहतात आणि गाडी सुटते. गाडी पुढं मंगळूर-एर्नाकुलमची असेल तर ती पोती केरळ बघून दोन-तीन दिवसांनी परत येतात. याला ओव्हरकॅरी म्हणतात, आणि रेल्वेनं माल 'हरवतो' अशी जी ओरड असते त्यातलं बरंचसं प्रत्यक्षात हेच असतं.

म्हणून मडगावसाठीचा माल मडगावला संपणाऱ्या गाडीलाच टाकावा. कोकणकन्या रात्री निघून सकाळी पोचते, मांडवी सकाळी निघून संध्याकाळी. दोन्ही मडगावला संपतात. नेत्रावती किंवा मंगला वेळेनं कितीही सोयीची वाटली तरी त्यांत शेवटचा उपाय म्हणूनच टाकावं. वंदे भारतचा विचारच नको, तिला पार्सलचा कप्पा नाही. थिवी, करमळी या मडगावच्या आधीच्या स्टेशनांवर उतरवून बार्देश-तिसवाडी तालुक्यांचा फेरा वाचवावा असं नकाशा बघून कुणालाही वाटतं. पण पाच मिनिटांपेक्षा कमी थांब्यावर रेल्वे सहसा पार्सलची चढ-उतार ठेवत नाही, आणि ठेवली तरी दोन मिनिटांत सहा जणांची साखळी तीसेक पोती काढेल. म्हापशाचा माल मडगावला उतरवून चाळीसेक किलोमीटर मागं न्यावा लागतो, हे मान्य करूनच पुढची आखणी करावी.

पोतं भरताना दोन गोष्टी. पहिली, वजन २५ किलोच्या वर जाऊ देऊ नये. तीस किलोचं पोतं हमाल उचलत नाही, ओढतो, आणि फलाटाच्या कडेला शिवण उसवते. दुसरी, रंग. मडगावची पोती एका रंगाची, रत्नागिरी-कणकवलीची दुसऱ्या. रात्री कप्प्यातल्या पिवळट दिव्यात नाव वाचता येत नाही, रंग दिसतो. शेवटी उतरायचं ते आत, आधी उतरायचं ते दाराशी. साधी गोष्ट, पण घाईत नेमकी हीच उलटी होते आणि रत्नागिरीच्या थांब्यात मडगावची पोती फलाटावर काढून पुन्हा आत टाकायची वेळ येते. त्यात दोन-चार खालीच राहतात.

आणि पाऊस. सामानाचा कप्पा गाडीच्या अगदी टोकाला. फलाटावरचं छप्पर मध्यभागी. जून ते सप्टेंबर हे अंतर उघड्यावरचं आहे, आणि आपला पाऊस नुसता वरून नाही तर आडवाही येतो. पाच प्लायचं खोकं कोरडं असताना वर शंभर किलो झेलतं, ओल शोषली की निम्मंही झेलत नाही. विणलेल्या प्लॅस्टिकच्या पोत्यात आतून पातळ पॉलिथिनचं अस्तर, तोंड पिळून बांधलेलं, आणि हातगाडीवर ताडपत्री हवी, खालीसुद्धा. फलाटावर साठलेलं पाणी खालून शिरतं, वरून नाही. भिजलेल्या मालाचे फोटो बघितले तर ओलीची रेघ तळापासून चार बोटं वर असते.

व्हीपीला थांब्याची चिंता नाही. गाडी संपली की डबा बाजूला काढून दोन-तीन तासांत सावकाश उतरवता येतो. पण तो जोडायला गाडीत जागा पाहिजे. सणासुदीला जादा प्रवासी डबे लागले की पहिला कापला जातो तो व्हीपी. गोव्यात हे दुखणं नेमकं कधी उठतं? चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस. तेव्हा मागणी शिगेला, गाड्या चाकरमान्यांनी भरलेल्या, जादा गाड्यांनी एकेरी वाट कोंदलेली, आणि वर पावसाळी वेळापत्रक. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं होतं, त्याआधी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. या काळात वेग कमी असतो, आणि जोराच्या पावसात दरडीच्या जागी ताशी ४० पर्यंत उतरतो. म्हणजे चवथ आणि सेलचे बरेच दिवस पावसाळी वेळापत्रकातच येतात. ग्राहकाला दाखवायचा दिवस या चार महिन्यांत एकानं वाढवलेला बरा. 'उद्या मिळेल' असं लिहून परवा देण्यापेक्षा 'परवा' लिहून परवा दिलेलं चालतं.

वाट बंद पडण्याचीही तयारी हवी. पेडण्याच्या बोगद्याची भिंत ऑगस्ट २०२० मध्ये ढासळली तेव्हा गाड्या पुणे-मिरज-लोंढामार्गे फिरवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल आला, आणि काही दिवसांतच खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली. अशा वेळी ट्रक लागणारच. शहाणा माणूस एका ट्रकवाल्याशी वर्षभराचा संबंध ठेवतो, आठवड्याला एखादी खेप त्याला देतो. वर्षभर विचारलं नाही आणि दरड कोसळल्यावर फोन केला, तर तो भाव सांगतो तो ऐकावा लागतो.

कागद

वस्तूची किंमत जाहीर न करता पार्सल बुक केलं, तर नुकसानीला रेल्वेची जबाबदारी किलोला ५० रुपयांपर्यंतच. दोनशे ग्रॅमचा मोबाइल गेला तर दहा रुपये. महाग माल असेल तर किंमत जाहीर करून त्यावरचं शेकडा शुल्क भरावं, नाहीतर स्वतःचा वाहतूक विमा काढावा. फाटलेलं पोतं दिसलं तर मुकाट्यानं उचलून आणू नये. तिथंच उघडून पंचनाम्यासह ताबा मागावा, एकदा सही झाली की नंतरची तक्रार टिकत नाही. दाव्याची नोटीस बुकिंगपासून सहा महिन्यांच्या आत.

ई-वे बिलाचं, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं, रेल्वेत जरा वेगळं आहे. रस्त्यानं जाताना ते निघण्याआधी लागतं. रेल्वेला माल निघाल्यानंतर केलं तरी चालतं, पण पोचल्यावर ते दाखवल्याशिवाय माल ताब्यात मिळत नाही. सकाळी साडेदहाला मडगावच्या पार्सल ऑफिसात माल पडून आणि मुंबईतला माणूस अजून बिल बनवतोय, हे दृश्य नवं नाही. मोफत मुदत संपली की जागेचं भाडं सुरू होतं.

ट्रकच गाडीवर चढवला तर

कोकण रेल्वेची रो-रो सेवा जानेवारी १९९९ पासून चालू आहे. कोलाडला भरलेला ट्रक सपाट वाघिणीवर चढतो, वेर्ण्याला उतरतो, चालक आपल्या केबिनमध्येच बसून येतो. २०२५ च्या चवथीला याच मार्गावर खासगी मोटारींसाठी पण गाडी सोडली होती. त्यावर बातम्या पुष्कळ आल्या, ट्रकवर कुणी लिहीत नाही.

इलेक्ट्रिक ट्रकसाठी ही सोन्यासारखी सोय आहे, आणि माझ्या मते तिचा विचार सर्वांत कमी झालाय. भिवंडी ते कोलाड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वेर्णा ते पणजी वीस-पंचवीस, मडगाव त्याहून जवळ. मधले चारशेहून जास्त किलोमीटर ट्रक स्वतः चालतच नाही. म्हणजे सहाशे किलोमीटर पळणारी महागडी, जड बॅटरी नको. खरोखरचे दोनशे किलोमीटर देणारा ट्रक पुरतो. बॅटरी हलकी झाली तेवढा माल जास्त. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २०२५ पासून इलेक्ट्रिक ट्रकला मदत आहे, एका ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार, पण त्यासाठी जुना डिझेल ट्रक भंगारात दिल्याचं प्रमाणपत्र लागतं.

अडचणी कुठं येतात ते सांगतो. डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे, त्यामुळे उंचीचं माप कडक. मापाच्या कमानीखालून ट्रक गेला पाहिजे, आणि टपावर काहीही सैल नको. ताडपत्री सुटली म्हणून वाघिणीवर उभ्या ट्रकच्या टपावर चढणं म्हणजे मरण. तारेला हात लागावा लागत नाही, जवळ गेलं तरी पुरतं. पार्सलसाठी बंद पेटीचाच ट्रक घ्यावा, ताडपत्रीचा नको. दुसरं, डिझेल ट्रक उभा करताना चालक गिअरमध्ये टाकून ठेवतो, इलेक्ट्रिकमध्ये बहुधा ती सोय नसते. सगळी भिस्त पार्किंग ब्रेक, चाकांखालचे लाकडी ठोकळे आणि साखळी यांवर. तिसरं, चालक बारा तास केबिनमध्ये बसतो. मे महिन्यात एसी लावणारच. तासाला एक-सव्वा युनिट म्हटलं तरी बारा-पंधरा युनिटं गेली. वेर्ण्याला उतरल्यावर मीटर बघून दचकू नये म्हणून ही युनिटं आधीच बाजूला धरावीत. वाघिणीवर चार्जिंग नाही. आणि चौथं, ही मालगाडी आहे. पोचण्याची वेळ घड्याळाच्या काट्यावर नसते. दुसऱ्या दिवशीचं वचन दिलेला माल यात घालू नये. गोदामाचा साठा भरायचा माल, फ्रिज-वॉशिंग मशीनसारखं अवजड सामान घालावं.

फलाटानंतर

गोव्यात शेवटच्या टप्प्याला मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकी छान चालते. अंतरं छोटी, गल्ल्या अरुंद. साडेसात युनिटांच्या आसपास बॅटरी असलेली, पाच-साडेपाचशे किलो नेणारी गाडी कागदावर सव्वाशे किलोमीटर सांगते. ऐंशी धरावेत. आल्तिनो किंवा पर्वरीचे चढ भरल्या गाडीनं असतील तर सत्तर. जिथं अंतर जास्त आहे, म्हणजे वाळपई, सांगे, काणकोण, तिथं २१ युनिटांच्या चारचाकी छोट्या टेंपोला पर्याय नाही.

गोव्याची एक खास सोय आहे, ती म्हणजे दुपार. एक-दीड ते साडेतीन-चार बाजार बंद, अर्धी घरं झोपलेली. दार वाजवलं तर पार्सल नको, बोलणी मिळतात. हाच चार्जिंगचा वेळ. सकाळच्या फेरीत ४५ किलोमीटर झाले तर चार युनिटं गेली. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला दोन युनिटं भरतात, दोन तासांत ती परत. कोकणकन्येचा माल सकाळी पत्त्यांप्रमाणे वेगळा करून अकराच्या सुमारास पहिली फेरी, दुपारी चार्ज, चारनंतर दुसरी. मांडवीचा माल रात्री वेगळा करून ठेवायचा. एवढं बसवलं तर मोठी बॅटरी लागत नाही आणि महागडा जलद चार्जरही लागत नाही. फक्त उन्हातून आलेली गाडी लगेच लावू नये, सावलीत अर्धा तास राहू द्यावी. आणि आठवड्यातून एकदा रात्रभर लावून पूर्ण शंभर टक्के भरावी. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत मीटरचा अंदाज हळूहळू चुकत जातो, पूर्ण भरल्यावर तो ताळ्यावर येतो. नाहीतर वीस टक्के दाखवत असतानाच गाडी बंद पडते आणि चालक बॅटरी खराब झाली म्हणून सांगतो.

दहा गाड्या एका वेळी लावायच्या तर वीस-पंचवीस किलोवॅट लागतात, साध्या घरगुती जोडणीवर हे होणार नाही. वीज खात्याकडून चार्जिंगसाठी वेगळी जोडणी आणि वेगळा मीटर घ्यावा, तिचा दरही वेगळा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. आपली जमीन जांभ्याची. जांभा पाऊस संपला की कोरडा ठणठणीत होतो आणि विजेला वाट देत नाही. ऑगस्टमध्ये मोजलेलं अर्थिंग उत्तम येतं, एप्रिलमध्ये तेच कित्येक पटींनी बिघडतं, आणि चार्जर 'अर्थ फॉल्ट' दाखवून बंद पडतो. मग कुणीतरी सॉकेटमधली अर्थची तार न्यूट्रलला जोडून 'दुरुस्त' करतो. हे कधीही होऊ देऊ नये, न्यूट्रल तुटली की गाडीचा सांगाडाच जिवंत होतो. तीन मीटरचे तांब्याचं आवरण असलेले दोन-तीन रॉड एकमेकांपासून तीन मीटरवर, भोवती बेंटोनाइटची माती, आणि माप मे महिन्यात घ्यायचं. पाच ओहमच्या आत आलं तर बरं. विजेची गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकरही साधा 'एसी' प्रकारचा चालत नाही. चार्जरमधून डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो. ए प्रकारचा आणि सोबत डीसी गळती ओळखणारी सोय, किंवा सरळ बी प्रकारचा घ्यावा. महाग आहे. पण एकदाच.

खारी हवा प्लगच्या पिना खाते. हिरवट थर दिसला की जोड तापतो, तापला की प्लॅस्टिक वितळतं. पंधरवड्याला कोरड्या फडक्यानं पुसणं आणि झाकण न विसरणं एवढं पुरतं. चोडण-दिवाडीच्या बेटांवर फेरीबोटीनं जाणाऱ्या गाड्यांना मात्र जास्त जपावं लागतं. २०२५ मध्ये रायबंदर-चोडणला मोठी रो-रो फेरीबोट आली, तिच्यामुळे रांग कमी झाली. पण भरतीला धक्क्याच्या उतारावर खारं पाणी येतंच. बॅटरीची पेटी पाणी आत घेत नाही, तिच्याबाहेरचे बोल्ट आणि तारांचे जोड गंजतात. संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवावं, साध्या नळीनं. जोराचा फवारा जोडांवर मारला तर जे समुद्रानं केलं नाही ते आपण करतो.

राहिला पत्ता. घर नंबर, वाडा (गावातली वस्ती), पंचायत, आणि 'कपेलाजवळ', म्हणजे छोट्या चर्चजवळ, किंवा 'देवळामागं'. एकाच गावात एका नंबरची दोन घरं सापडतात, जुना नंबर आणि नवा नंबर. नकाशावरची खूण शेताच्या मधोमध पडते. पहिल्या फेरीत न सापडलेलं एक पार्सल म्हणजे दुसऱ्या दिवशी तेच आठ-दहा किलोमीटर पुन्हा, आणि ज्या गाडीला दिवसाला सत्तर-ऐंशीच किलोमीटर आहेत तिला हे डिझेल गाडीपेक्षा जास्त झोंबतं. उपाय दोन. एकदा सापडलेल्या दाराची खूण चालकानं तिथंच उभं राहून नोंदवायची, पिनकोडवर विसंबायचं नाही. आणि खेड्यात दर वाड्याला एक पोसरो, म्हणजे आपलं किराणा दुकान, पार्सल ठेवायला ठरवायचं; पार्सलमागे ठरलेले पैसे द्यायचे. माणसं नारळाचं तेल न्यायला संध्याकाळी तिथं येतातच. फक्त दुकानदाराला फ्रिजएवढी खोकी देऊ नयेत, पहिल्याच आठवड्यात तो नाही म्हणतो.